सायरनच्या आतलं करिअर

मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, “सध्या काय करतेस गं?”

“पॅरामेडिक आहे, काकू.”

“अगंबाई, म्हणजे लॅबमध्ये का? माझी शुगर बघायचीच आहे.”

पलीकडच्या काकांनी लगेच दुरुस्ती केली, “लॅब नाही हो, एक्स-रे काढतात ते.” जिलबी वाढायला आलेल्या मामांनी निकालच लावून टाकला, “ॲम्ब्युलन्सवर असते ती. ड्रायव्हरच्या शेजारी.”

मामा त्यातल्या त्यात जवळ होते. फक्त मी पुढे नाही, मागे पेशंटजवळ बसते. पण या तिघांना हसायचा मला अधिकार नाही, कारण बारावी झाल्यावर मलाही यातला फरक माहीत नव्हता. त्या गोंधळात घरचे चाळीस हजार रुपये जाता जाता वाचले.

झालं असं, की मेडिकलचा नंबर लागणार नाही हे निकालाच्या दिवशीच कळलं होतं. तेवढ्यात बसस्टॉपवर एक बोर्ड दिसला, ‘सहा महिन्यांत पॅरामेडिक बना, नोकरीची हमी’. बाबांना घेऊन गेले. ऑफिस चकाचक, भिंतीवर स्टेथोस्कोपवाले फोटो. मी विचारलं, “सर, ॲम्ब्युलन्सवर ट्रेनिंग कधी असतं?” सर म्हणाले, “ते सगळं व्हिडिओवर दाखवतो.” तेव्हाही मला काही खटकलं नाही. शेजारच्या ताई एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नर्स आहेत, त्यांनी मात्र संध्याकाळी एकच प्रश्न विचारला, “सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव आहे की कौन्सिलचं?” दोन्ही नव्हतं. होतं ते फक्त त्या संस्थेचं, सोनेरी अक्षरात.

तर आधी शब्द. आपल्याकडे ‘पॅरामेडिकल’ म्हटलं की लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, डोळे तपासणारे असे सगळे एकाच पिशवीत कोंबले जातात. कामं सगळीच महत्त्वाची, पण वेगवेगळी. ‘पॅरामेडिक’ म्हणजे पेशंट हॉस्पिटलमध्ये पोहोचण्याआधी, रस्त्यावर, जिन्यात, शेतात, त्याच्यापर्यंत जाऊन त्याचा श्वास आणि रक्ताभिसरण चालू ठेवणारा माणूस. इंग्रजीत या दोन शब्दांमध्ये दोन अक्षरांचा फरक आहे. ॲडमिशनच्या जाहिराती नेमक्या त्या दोन अक्षरांवर चालतात.

कोणत्या दारातून आत जायचं?

दारं साधारण तीन आहेत. बारावी सायन्सनंतर थेट डिग्री करता येते. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजी किंवा इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर अशा नावांनी हे कोर्स चालतात, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं शिक्षण आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. दुसरं दार ग्रॅज्युएशननंतरचं, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसमधला पीजी डिप्लोमा. पुण्यात सिम्बायोसिसचा असा कोर्स बरीच वर्षं चालू आहे आणि त्यात आयुर्वेद, होमिओपॅथीचे डॉक्टरही मोठ्या संख्येने येतात. मी बीएस्सी करून याच प्रकारच्या डिप्लोमाला गेले. तिसरं दार छोटं, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीतला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स, बेसिक आणि ॲडव्हान्स्ड. लवकर कामाला लागायचं असेल त्यांच्यासाठी हा ठीक आहे, पण पुढे शिकायचं दार उघडं ठेवूनच तो करावा.

आणखी एक गोंधळ. बीएलएस आणि एसीएलएस ही अमेरिकन हार्ट असोसिएशनची सर्टिफिकेट्स आहेत, एक-दोन दिवसांच्या वर्कशॉपची. ती लागतातच, दर दोन वर्षांनी पुन्हा करावी लागतात. पण केवळ त्यांच्या जोरावर कोणी पॅरामेडिक होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं म्हणून कोणी एसटी चालवायला बसत नाही, तसंच.

कायद्याचं म्हणाल, तर २०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट केला. त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हे नाव स्पष्ट आहे. या कायद्याच्या व्याख्येत अलाइड हेल्थ प्रोफेशनल व्हायला डिप्लोमा किंवा डिग्री लागते आणि शिक्षण किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं असावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा. सहा महिन्यांत, तेही रोज तीन तास क्लास करून, २,००० तास भरत नाहीत, हे गणित बाबांना मी नंतर कागदावर करून दाखवलं.

म्हणून ॲडमिशनच्या टेबलावर लाजू नका. डिग्री कोणतं विद्यापीठ देणार? कौन्सिलमध्ये नोंदणी होते का, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाची झाली आहे? क्लिनिकल पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, किती तास? ॲम्ब्युलन्सवर प्रत्यक्ष किती शिफ्ट? मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा. नंबर द्यायला कोणी काचकूच करत असेल, तर उठून घरी या.

महाराष्ट्रातली अडचण

ही गोष्ट ब्रोशरमध्ये कुणी छापत नाही, म्हणून स्वतंत्र सांगते. आपल्याकडे १०८ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या होत्या, बाकीच्या बेसिक. आणि महाराष्ट्राने ठरवलं, की प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल. हे डॉक्टर बहुतांशी बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेले असतात. चालकाला तिथे ‘पायलट’ म्हणतात. इतर अनेक राज्यांत १०८च्या गाडीत पेशंटजवळ इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो, ती जागा आपल्याकडे डॉक्टरची आहे.

पेशंटच्या बाजूने बघितलं तर गाडीत डॉक्टर असणं चांगलंच. पण पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी याचा अर्थ असा, की राज्यातली सगळ्यात मोठी ॲम्ब्युलन्स सेवा तुमची पहिली नोकरी असेलच असं धरून चालता येत नाही. मग जागा कुठे? मोठ्या खासगी हॉस्पिटल्सच्या इमर्जन्सी विभागात आणि त्यांच्या कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर, खासगी ॲम्ब्युलन्स कंपन्यांत, कारखान्यांच्या आणि रिफायनरीच्या मेडिकल सेंटरमध्ये, समुद्रातल्या तेलविहिरींवर, एअर ॲम्ब्युलन्समध्ये, मॅरेथॉन आणि कॉन्सर्टच्या मेडिकल टीममध्ये. मी पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर आहे. पगाराबद्दल खरं सांगायचं तर सुरुवात साधी असते. माझ्या बरोबरीने कॉम्प्युटर सायन्स केलेली मैत्रीण पहिल्याच वर्षी माझ्यापेक्षा बरंच जास्त घरी नेत होती, आणि शनिवार-रविवार झोपतही होती.

बाहेर जायचं असेल तर चित्र वेगळं. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ ही कायद्याने राखीव पदवी आहे. एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी नसताना ती लावणं हा गुन्हा ठरतो, आणि २०२१ पासून तिथे नव्याने येणाऱ्यांसाठी डिग्रीच लागते. दुबईला जाताना लायसन्सच्या आधी तुमचं प्रत्येक सर्टिफिकेट मूळ संस्थेकडून पडताळून घेतलं जातं. सोनेरी अक्षरांची सर्टिफिकेट्स तिथे अडकतात, तोवर पैसे आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात.

छाती दाबायची, पण कशी?

वर्गातला पहिला महिना मला कंटाळवाणा वाटला होता. तीच गोष्ट पुन्हा, पुन्हा, पुन्हा. गाडीतून उतरल्यावर आधी आजूबाजूला बघा, विजेची तार पडलीय का, गॅसचा वास आहे का, गर्दी चिडलेली आहे का. हातमोजे घाला. मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची शुद्ध, शेवटी कपडे बाजूला करून अंगावरच्या जखमा. कितीही मोठा आरडाओरडा चालू असो, क्रम बदलायचा नाही. रक्ताने माखलेला हात बघून तिकडेच धावाल आणि पेशंट मात्र जीभ मागे पडून गुदमरेल, हे सर इतक्या वेळा सांगायचे की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

सीपीआरही तसाच. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाब, दोन श्वास. पुतळ्यावर दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. आणि हो, मॉनिटरवर सपाट रेषा आली की शॉक देऊन माणूस उठवायचा हे फक्त सिनेमात. सपाट रेषेला शॉक देतच नाहीत. तिथे छाती दाबत राहायची आणि औषधं द्यायची. शॉक लागतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा.

हे सगळं ज्यांनी पहिल्यांदा रस्त्यावर आणलं, त्यांची गोष्ट आम्हाला एका तासात सांगितली होती, ती मात्र डोक्यात राहिली. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ मध्ये फ्रीडम हाउस नावाची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. तोवर तिथे पेशंटला पोलिसांच्या व्हॅनमधून नेत, अनेक गावांत तर अंत्यविधी करणाऱ्यांच्या गाडीतून. आधुनिक सीपीआरच्या जनकांपैकी एक, डॉ. पीटर साफार, यांनी हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना निवडलं. काहींचं शाळेचं शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. त्यांना शेकडो तास शिकवलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्याबरोबर काम करत अभ्यासक्रम बांधला, त्यांचं पुस्तक आजही पॅरामेडिक मुलं वाचतात. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून आपली स्वतःची काढली. ही गोष्ट राहिली, कारण मला तोवर वाटायचं की एमबीबीएस हुकलेल्यांचा हा दुसरा नंबरचा रस्ता आहे. पण हे काम पहिल्यापासूनच वेगळं होतं, त्याचं शिक्षणही वेगळं.

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकं बहुतेक अमेरिकन. त्यांत बर्फात गोठलेल्या माणसाचं प्रकरण मोठं आणि आपल्याकडचा साप अर्ध्या पानात. महाराष्ट्रात काम करायचं तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघं तोंडपाठ हवेत, कारण आपल्याकडचं प्रतिविष याच चार सापांच्या विषावर चालतं. घोणस आणि फुरसं रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात. नाग आणि मण्यार नसांवर जातात. मण्यार रात्री झोपेत चावतो, खूण जेमतेम दिसते, माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि थोड्या वेळाने पापण्या उचलेनाशा होतात. पुढचा टप्पा श्वास बंद पडण्याचा. अशा पेशंटला हॉस्पिटल येईपर्यंत अंबू बॅगने श्वास देत नेलं, तर तो वाचू शकतो, प्रतिविष पुढे मिळतं. आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय मोडल्यासारखा फळीला बांधून हलू द्यायचा नाही.

तसंच कीटकनाशकाचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा होऊन मृत्यू झाले, तेव्हा हा विषय पेपरात आला. गाडीत तो पेशंट कसा ओळखायचा? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ, अंगभर घाम. आधी त्याचे कपडे काढायचे, अंग धुवायचं, गाडीच्या खिडक्या उघडायच्या, नाहीतर वाफेने पॅरामेडिकच आडवा होईल. ज्यांना विदर्भात, मराठवाड्यात काम करायचंय त्यांनी हे प्रकरण पुस्तकात असो नसो, कॅज्युअल्टीतल्या जुन्या सिस्टरकडून शिकून घ्यावं.

माझी चूक

नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. रात्री अकरा वाजता एका बसस्टॉपजवळ माणूस पडलाय असा कॉल. आम्ही पोहोचलो तेव्हा आठ-दहा जण मोबाइल काढून उभे होते. “मॅडम, पिऊन पडलाय, उगाच वेळ घालवताय,” कुणीतरी म्हणालं. वयाने बाबांएवढा माणूस, घामाने भिजलेला, काहीतरी असंबद्ध बरळत होता. तोंडाला कसलातरी आंबूस वासही होता. मी श्वास बघितला, नाडी बघितली, बीपी घेतलं, सगळं बऱ्यापैकी. आणि मनातल्या मनात मीसुद्धा लिहून टाकलं, दारू.

माझे सीनियर मागून आले. त्यांनी फक्त विचारलं, “शुगर?” मी बघितली नव्हती. बोटाला टोचलं, ३८. शुगर ७० च्या खाली गेली तरी कमी म्हणतात, या माणसाची त्याच्या निम्म्यावर आली होती. सीनियरनी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं. काही मिनिटांत ते काका डोळे उघडून नीट बोलायला लागले. पहिलं वाक्य, “माझी पिशवी कुठंय?” पिशवीत डबा होता, न उघडलेला. इन्सुलिन घेतलं होतं, ओव्हरटाइम लागला, जेवण राहिलं होतं.

परत येताना सीनियर काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पायलट दादांनी चहाला गाडी थांबवली आणि म्हणाले, “मॅडम, तो माणूस तिथंच पडून राहिला असता सकाळपर्यंत.” शुद्ध हरपलेल्या किंवा बरळणाऱ्या प्रत्येक माणसाची शुगर बघायची, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी गर्दीतल्या एका वाक्याने माझा क्रम मोडला. वर्गात महिनाभर तेच ते का घोटून घेतात, हे त्या चहाच्या टपरीवर कळलं.

तेव्हापासून नातेवाइकांना प्रश्न विचारायची मला सवय लागली, अगदी चिकटपणे. ॲलर्जी, चालू गोळ्या, जुने आजार, शेवटचं काय खाल्लं, नेमकं कधी काय झालं. एका घरी आजोबांचं तोंड वाकडं झालं होतं, एक हात उचलत नव्हता. घरात रडारड. सूनबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “वहिनी, आजोबा शेवटचे नीट कधी बोलले?” त्या म्हणाल्या, “आत्ताच झालं हो हे, दहा मिनिटांपूर्वी.” पुन्हा विचारलं, “पण नीट बोलताना कधी बघितलं?” थोडा विचार करून म्हणाल्या, “सकाळी आठला, चहा घेताना.” तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा नीट दिसला तिथून. म्हणजे आमच्या हातात चार तास वीस मिनिटं नव्हती, सव्वा तास होता. मी वाटेतूनच फोन केला, सीटी स्कॅनची खोली रिकामी ठेवली गेली.

काही वेळा काहीच चालत नाही. माझा पहिला सीपीआर चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर होता. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना, शेवटी चादरीत उचलून खाली आणलं, मधल्या प्रत्येक चौकात थांबून छाती दाबली. ते आजोबा गेले. रात्री हात थरथरत होते, ते श्रमाने की आणखी कशाने, ठरवता आलं नाही. आमच्या बॅचचा एक ग्रुप आहे, अशा रात्री तिथे कोणीतरी जागं असतंच. कोर्समध्ये मात्र या विषयावर एकच लेक्चर होतं. ते फार कमी आहे.

यायचंच असेल तर

वजन उचलायची तयारी हवी, मुली असाल तरी, आणि ते जमतं, तंत्र शिकवतात. बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात, दिवाळीतही. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस-बीची लस घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणजे ॲडमिशनच्या महिन्यातच पहिला घेतलेला बरा. रक्ताची भीती वाटते म्हणून मागे फिरू नका, ती पंधरा दिवसांत जाते. माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर मात्र विचार करा, कारण निम्मं काम बोलण्याचंच आहे.

आणि ज्यांना हे करिअर करायचं नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. रस्त्यावर अपघात दिसला आणि तुम्ही मदत केली, तर पोलीस तुम्हाला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४-अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. आम्ही पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटं तुमच्याच हातात असतात. १०८ लावा, पत्ता सांगताना जवळची खूण सांगा, आणि एकाला रस्त्याच्या कोपऱ्यावर हात दाखवायला उभं करा. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पाट्या रात्री आम्हाला दिसत नाहीत.